बुवांनू, त्या पोराला ओळीत बसवा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील समस्त भजनी बुवा, पखवाजवादक, झांजकरी आणि मागून कोरस धरणारी मंडळी यांस,



हे पत्र आरोग्य खात्याला लिही, असं घरात बहुतेकांचं मत पडलं. खात्याला अर्ज जातीलच. पण ज्या मुलांविषयी मला बोलायचं आहे, ती खात्याच्या आधी तुमच्या नजरेला पडतात. सप्ताहात वाडीची पाळी आली की पखवाजाला खेटून बसणारं, कोणी न शिकवता गजराचे शब्द पाठ असणारं, समेला बरोबर मान टाकणारं आणि शाळेत मात्र वर्षानुवर्षं एकाच पुस्तकावर अडलेलं एखादं पोर तुम्ही पाहिलं असेल. ओळखदेख नसलेल्या माणसालाही ते जवळ जाऊन "जेवलास?" म्हणून विचारतं. त्याची आई थोड्या कौतुकाने, थोड्या संकोचाने सांगते, "येका काय्येक येणा नाय, पण भजान सगळा पाठ हा." आपण म्हणतो, देवाची करणी. असेलही. पण अशा काही मुलांमध्ये त्या करणीबरोबर हृदयाचं एक दुखणं येतं, आणि टाळ्यांच्या आवाजात ते कोणाला ऐकू येत नाही.

त्या स्थितीचं नाव विल्यम्स सिंड्रोम. माझ्या भाच्याला ती आहे. बहिणीला विचारूनच लिहितो आहे, म्हणून त्याचं नाव किंवा वाडी देत नाही. तालुका मालवण, एवढं पुरे.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. सातव्या जोडीतल्या एका गुणसूत्राचा बारीकसा तुकडा या मुलांमध्ये जन्मापासूनच नसतो. तुकडा एवढा लहान, की त्यात जेमतेम २६ ते २८ जनुकं. आईच्या किंवा वडिलांच्या बीजपेशी तयार होताना तो गळून जातो. बहुतेक घरांत हा दोष पिढीजात नसतो, अचानक घडतो. पोटुशी असताना ग्रहणात विळी धरली, अमावास्येला पाणंदीतून आली, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण माझ्या बहिणीला ते पुष्कळ ऐकावं लागलं आणि ऐकवणाऱ्यांत चांगली शिकलेली माणसं होती.

गळालेल्या जनुकांपैकी एक जनुक इलास्टिन नावाचं प्रथिन बनवतं. हा धागा १९९३ मध्ये हाती लागला. रक्तवाहिनी पेटीच्या भात्यासारखी फुलून पुन्हा मिटायला हवी, आणि ते काम इलास्टिनचं. ते पुरेसं तयार झालं नाही की वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, ताठरतात, आणि हृदयातून निघणारी महाधमनी झडपेच्या जरा वर अरुंद राहते. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या ग्रीन लेन रुग्णालयात जे. सी. पी. विल्यम्स या डॉक्टरांनी १९६१ मध्ये अशा चार रुग्णांची नोंद केली. हृदयाचा तोच दोष, चेहऱ्याची तीच ठेवण, बुद्धीची वाढ मंद. पुढच्याच वर्षी जर्मनीत आलोइस बॉयरेन यांनीही तेच वर्णन केलं. चेहरा सांगायचा तर नाकाचा शेंडा किंचित वर, तोंड रुंद, ओठ भरलेले, डोळ्यांभोवती जराशी सूज, दात लहान आणि विरळ. आवाज बऱ्याचदा घोगरा. हा घोगरेपणाही इलास्टिनच्याच कमतरतेचा मानतात. त्याच्याविषयी पुढे तुमच्याशी वेगळं बोलायचं आहे.

अशी मुलं किती? जगभरच्या अंदाजांत साडेसात हजार जन्मांत एक इथपासून वीस हजारांत एक इथपर्यंत आकडे दिले जातात. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. भागाकार केला तर दोडामार्गापासून वैभववाडीपर्यंत साधारण चाळीस ते एकशे दहाच्या दरम्यान माणसं या जिल्ह्यात असायला हवीत. हिशेब माझा आहे, कुठल्या सर्वेक्षणाचा नाही. पण तो निम्म्याने चुकला असं धरलं तरी उरलेली माणसं कुठे आहेत? बरीचशी 'वेडसर', 'भोळो', 'देवमाणूस' अशा नावांखाली घरात आहेत. आणि त्यांतली काही, मला खात्री आहे, तुमच्या भजनात मागच्या बाजूला बसलेली आहेत.

निदान का होत नाही, तेही सांगतो. आमच्याकडे पहिल्या वर्षात पोर दूध धरत नव्हतं, रात्र रात्र रडत होतं, वजन वाढत नव्हतं. जो तो म्हणायचा, पोट दुखत असेल. वाढ कमी म्हणून कॅल्शियमचं टॉनिक आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब सुरू झाले. दुसऱ्या कुठल्याही बाळाला ते चाललं असतं. विल्यम्स सिंड्रोम असलेल्या काही बाळांच्या रक्तात मात्र कॅल्शियम आधीच वाढलेलं असतं, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय अशी औषधं द्यायची नसतात. पुढे एका दवाखान्यात छातीतला जास्तीचा आवाज डॉक्टरांना ऐकू आला, पण "मोठा झाला की जाईल" म्हणून विषय मिटला. मग कोणीतरी गुणसूत्रांची तपासणी करायला सांगितली. ती केली आणि अहवाल 'नॉर्मल' आला! घरात पेढे वाटले गेले. साध्या गुणसूत्र तपासणीत एवढा बारीक तुकडा दिसतच नाही, त्यासाठी फिश, एमएलपीए किंवा मायक्रोॲरे या तपासण्या लागतात, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी मुंबईत एका डॉक्टरीण बाईंनी पोराचा चेहरा पाहिला, छातीला नळी लावली, तो त्यांच्याकडे बघून जे हसला तेही पाहिलं, आणि तपासणीच्या कागदावर नेमकं नाव लिहून दिलं. तोवर तो शाळेत जायला लागला होता.

आता गाण्याकडे येतो.

गाणं आणि विल्यम्स सिंड्रोम यांची सांगड जगापुढे आणण्यात मोठा वाटा एका बापाचा आहे. हॉवर्ड लेनहॉफ हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत जीवशास्त्राचे प्राध्यापक होते, आयुष्यभर हायड्रा या पाण्यातल्या चिमुकल्या जिवावर काम केलेले. त्यांची मुलगी ग्लोरिया. तिचं निदान झालं तेव्हा तिने तिशी ओलांडलेली होती. ती अकॉर्डियन वाजवते, ऑपेरातली वरच्या पट्टीची गाणी गाते, पंचविसाहून अधिक भाषांतली गाणी तिला येतात, आणि साधी वजाबाकी जमत नाही. लेनहॉफ यांनी शास्त्रज्ञांच्या मागे लागून लागून या विषयाकडे बघायला लावलं. १९९४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या बेल्व्हॉयर टेरेस इथे अशा मुलांचं संगीत शिबिर सुरू झालं. डॉक्टर ऑलिव्हर सॅक्स यांनी २००७ च्या आपल्या 'म्युझिकोफिलिया' या पुस्तकात या लोकांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं.

त्या काळातला एक प्रयोग तुम्हाला, विशेषतः पखवाजवाल्यांना, आवडेल. डॅनियल लेव्हिटिन आणि साल्क इन्स्टिट्यूटच्या उर्सुला बेलुगी यांनी तो १९९८ मध्ये छापला. शिकवणाऱ्याने टाळ्यांनी एक बोल वाजवायचा आणि मुलाने तो तसाच परत वाजवायचा. विल्यम्स सिंड्रोमची मुलं यात त्यांच्याच मानसिक वयाच्या इतर मुलांच्या बरोबरीने उतरली. पण गंमत त्यांच्या चुकांत होती. त्यांचा बोल जिथे चुकला तिथेही तो तालाबाहेर गेला नाही, मूळ बोलाला शोभेल असा दुसराच बोल निघाला. नक्कल चुकली आणि उत्तर बरोबर आलं, असं म्हणा ना. डबलबारीत समोरच्या बाजूने टाकलेला तुकडा जसाच्या तसा न उचलता आपल्या अंगाने फिरवून समेवर आणून ठेवणाऱ्यांना याचं अप्रूप मी काय सांगावं!

हे वाचून तुम्ही प्रत्येक भोळ्या पोराच्या हातात पेटी द्यायला निघाल, म्हणून लगेच दुसरी बाजू सांगतो. ही मुलं जन्मजात गंधर्व असतात, ही कथा फार पसरली आणि ती खरी नाही. यांच्यातल्या पुष्कळांना कुठलाही सुटा स्वर ऐकून तो कोणता ते ओळखता येतं, असा दावा २००१ च्या सुमारास मोजक्या पाच जणांवरून केला गेला. नंतरच्या तपासण्यांत तो टिकला नाही. पुढचे अभ्यास जरा कडक निकषांवर झाले, आणि त्यांत दिसलं की या मुलांचं सूर-तालाचं कसब साधारण त्यांच्या भाषेच्या समजेइतकं असतं. त्यांच्या वयाच्या इतर मुलांहून कमी, पण त्यांची बाकीची बुद्धी पाहून वाटावं त्याहून सरस. सगळ्यांना गाता येत नाही. काही अगदी बेसूर असतात. जवळपास सगळ्यांमध्ये सापडतं ते वेगळंच: ओढ. गाणं ऐकून डोळ्यांत पाणी येणं, आनंदाचं गाणं संपल्यावरही तासन्‌तास त्यात राहणं, कोणी न सांगता परत परत तेच म्हणणं. लेव्हिटिन यांच्या गटाने या मुलांच्या पालकांची उत्तरं डाऊन सिंड्रोम, स्वमग्नता आणि सर्वसाधारण मुलांच्या पालकांच्या उत्तरांशी ताडून पाहिली, तेव्हाही गाण्यात जीव गुंतणं विल्यम्सच्या मुलांमध्ये ठळक निघालं. माझं मत विचाराल तर शिकवणाऱ्याला विद्यार्थ्यात एवढं सापडलं तरी पुष्कळ झालं.

आमचा भाचा सुरात पक्का नाही. वरच्या षड्जाकडे निघाला की वाटेत कुठेतरी बसकण मारतो. लयीचं मात्र त्याच्यापुढे काही चालत नाही. एका चतुर्थीत आमच्या घरी भजन होतं. गजर चढत चढत दुगुणीत गेला. झांज वाजवणारा मुलगा चहाला उठला, ती झांज याने उचलली. एक आवर्तन हुकलं, चुकीच्या जागी शिरला, आणि शिरल्यावर त्याला ते कळलं. थांबला नाही. दोन ठोके खाऊन, तिसरा लांबवून तो समेवर येऊन उभा राहिला. पखवाजवाल्याने त्याच्याकडे पाहिलं आणि तोच तुकडा पखवाजावर वाजवून दाखवला. याने परत झांजेवर दिला. असं किती वेळ चाललं कोणास ठाऊक; बुवांनी पेटी धरून ठेवली आणि उसळ निवत राहिली.

हाच मुलगा देवळाच्या चिऱ्याच्या पायऱ्या उभ्याने उतरू शकत नाही. पुढची पायरी किती खाली आहे हे त्याच्या डोळ्यांना नीट उमगत नाही, म्हणून बसून बसून उतरतो. सदऱ्याची बटणं अजून आई लावते. शाळेत गणपती काढायला सांगितला तर सोंड एका कोपऱ्यात, कान भलतीकडे, मोदक पानाच्या वरच्या बाजूला. सगळं काढतो, जोडत नाही. बेलुगींनी अशा मुलांकडून काढून घेतलेली हत्तीची चित्रं प्रसिद्ध आहेत, त्यांतही तसंच आहे: सोंड, पाय, शेपूट सगळं हजर, पण हत्ती नाही. आणि त्याच हत्तीविषयी ही मुलं तोंडाने इतकं छान बोलतात की ऐकणारा फसतो. तुम्हीही फसाल. पोर एवढं चुरूचुरू बोलतं, एवढं गातं, तर बाकीचं येत नाही तो आळस असणार, असं वाटेल. तो आळस नाही. ज्या तुकड्याबरोबर इलास्टिन गेलं, त्याच तुकड्याबरोबर हेही गेलं आहे.

म्हणून शिकवताना वही पुढे धरू नका. स्वरलिपी वाचणं, पेटीच्या पट्ट्या डोळ्यांनी मोजणं हे त्यांना जड जातं. सुदैवाने तुमची विद्या मुळात कानाची आहे. बुवा म्हणणार, मागून कोरस म्हणणार, चुकलं की बुवा पुन्हा म्हणणार. परदेशातल्या शिबिरांत शिक्षकांना जी पद्धत मुद्दाम शिकून घ्यावी लागली, ती आपल्याकडे प्रत्येक वाडीत पूर्वापार चालू आहे. फक्त तुकडे लहान ठेवा आणि एका बैठकीत एकच ओळ पक्की करा. लक्ष फार वेळ टिकत नाही, सांध्यांत ताठरपणा असतो, त्यामुळे बोटं उशिरा वळतात. रागावलात तर ही मुलं उलट बोलत नाहीत, आतून मोडतात, आणि पुढच्या वेळी देवळाच्या दारापर्यंत येऊन परत जातात.

आणि तो घोगरा आवाज. "गळो नाय ह्येका," असं म्हणून कित्येकांना बाजूला काढलं जातं. त्या घोगरेपणावर खडीसाखर आणि ज्येष्ठमध चालणार नाही, तो तसाच राहणार. त्या गळ्याला झेपेल अशी खालची पट्टी कोरसात एक सापडते का, बघा. नसेल सापडत तर झांज आहे, टाळ आहे.

आता थोडं कडू. अलीकडे भजन सुरू झालं की दहा मोबाईल वर होतात. असं एखादं पोर गायला लागलं की त्याच्या तोंडासमोर मोबाईल धरला जातो, आणि दुसऱ्या दिवशी ते 'बघा देवाची लीला' म्हणून गावभर फिरतं. खाली हसणारेही असतात. पोराला दोन्हींतलं काही कळत नाही, त्याला फक्त लोक खूश झालेले दिसतात, आणि लोकांना खूश करणं हीच त्याची सगळ्यात मोठी हौस. दोन बाऱ्यांच्या मध्ये गंमत म्हणून त्याला उभं करणं, शंभराची नोट हातात देणं, हेही तसलंच. ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनी व्यासपीठावर बोलवायचं, शाल घालायची, फोटो काढायचा; ४ तारखेपासून सामसूम. या प्रकारांना माझा विरोध आहे आणि तो मी सौम्य शब्दांत लिहू शकत नाही. पोराला बक्षीस नको, बैठक हवी. ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी, ओळीत. उशिरा आलं तर बाकीच्यांसारखंच ओरडा खाईल.

भाच्याचा स्वभाव हा आमचा मोठा घोर आहे. या मुलांना परक्या माणसाची भीती वाटत नाही. मालवणात पर्यटक वाढले तसा तो घोर वाढला. तारकर्लीच्या वाटेवर उभ्या असलेल्या कुणाच्याही गाडीत हा जाऊन बसेल, कोणीही बोलावलं तर जाईल. भजनाच्या निमित्ताने तो रात्री उशिरापर्यंत बाहेर असतो, गावोगाव जाण्याचा हट्ट करतो. तेव्हा मंडळात कोणाही एका जाणत्या माणसावर त्याची जबाबदारी असू द्या. घरून नेलं, घरी आणून सोडलं, एवढं. मैत्रीचंही सांगतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला मिठी मारणाऱ्या या मुलांना मित्र फार कमी असतात. वरवरची ओळख लगेच होते, पुढे टिकत नाही, कारण बरोबरीची मुलं खेळात, अभ्यासात, मग मुंबईच्या नोकरीत पुढे निघून जातात.

कानांचंही एक आहे. ज्यांना आवाजाचं एवढं वेड, त्यांनाच काही आवाज असह्य होतात. मिक्सर, फटाक्यांची माळ, अचानक चालू झालेला लाऊडस्पीकर, कुकरची शिटी. आमचा भाचा धक्क्यावर उभा राहून, होडी नजरेला पडण्याआधी नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून "ह्या आपला न्हय, दांडीतला" म्हणून सांगतो आणि बहुधा बरोबर निघतो. तोच विसर्जनाच्या दिवशी सकाळपासून कानांवर हात ठेवून कोपऱ्यात असतो, कारण संध्याकाळी ढोल आणि फटाके आहेत हे त्याला ठाऊक असतं. पुढे येणाऱ्या गोष्टीची चिंता या लोकांना फार छळते. "आता माळ लावतो हां" एवढं आधी सांगितलं, जरा लांब उभं केलं, तर तो सावरतो. स्पीकर त्याच्या कानाशी लावू नका. दशावताराला नेलं की संकासूर आल्यावर बाकीची पोरं किंचाळतात आणि हा पेटीवाल्याच्या बोटांकडे बघत बसतो. झांज अचानक जोरात वाजली की मात्र माझ्या मांडीत तोंड खुपसतो आणि दोन मिनिटांनी परत वर बघतो.

एवढं सगळं तुम्हाला सांगतो आहे, कारण सरकारी मदतीला वयाची कुंपणं आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुलं तपासतं, जन्मजात दोष आणि वाढीतला उशीर शोधणं हे त्याचं कामच आहे, आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेलाही त्यातून मदत मिळते. पण हे सगळं अठराव्या वर्षापर्यंत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मोजलं आहे. त्यात विल्यम्सचं नाव वेगळं नाही, पण बौद्धिक दिव्यांगत्वाखाली प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळू शकतं. ते काढायला हवं, आणि बरीच घरं लाजेपोटी काढत नाहीत. प्रमाणपत्राने सवलती मिळतात. संध्याकाळी सात वाजता जायला जागा मिळत नाही. अठरा ओलांडलेल्या, शाळा सुटलेल्या, नोकरी न लागणाऱ्या माणसाला आपल्या गावात वर्षभर बसायला मिळणारी जागा कुठली? चावडी गेली, नाक्यावर टवाळी होते. उरतं ते देऊळ आणि भजन. तिथे वीस वर्षांचा आणि साठ वर्षांचा एका ओळीत बसतो, तिथे कोणी गुणपत्रिका मागत नाही. संगीतोपचार वगैरे शब्द मला ठाऊक आहेत आणि त्यांना माझी हरकत नाही. पण हे पोर उपचार घ्यायला तुमच्याकडे येत नाही. ते भजन म्हणायला येतं. त्याला भजनच द्या.

आणि त्याबरोबर एक काम करा, जे तुमच्याशिवाय कोणी करणार नाही. तुमचा शब्द घरात मानतात. डॉक्टरांचा कधी कधी मानत नाहीत. वर सांगितलेल्या खुणांचं मूल वाडीत दिसलं, तर त्याच्या आई-वडिलांना बाजूला घेऊन सांगा, की एकदा ओरोसला जिल्हा रुग्णालयात नेऊन छाती तपासून घ्या, हृदयाचा टू-डी इको करा. जमत असेल तर गोव्याला बांबोळीला न्या, मुंबईला कोणी नातेवाईक असेल तर परळला वाडिया किंवा केईएमला दाखवा. रक्तदाब लहानपणापासून मोजायला हवा, कारण यांच्यातल्या पुष्कळांचा तो वाढलेला असतो. रक्तातलं कॅल्शियम बघायला हवं. आणि दात काढायचा असो की हर्नियाचं ऑपरेशन, भूल देण्याआधी डॉक्टरांना हे नाव सांगायलाच हवं. अरुंद धमन्यांमुळे अशा माणसांना भूल देणं जोखमीचं असतं आणि माहीत नसताना दिलेल्या भुलीत माणसं दगावलेली आहेत. प्रत्येक भोळं, गाणारं पोर विल्यम्सचं नसतं, हे मलाही कळतं. दहा घरांना सांगितलंत आणि नऊ ठिकाणी काही निघालं नाही, तर नऊ घरांचा एकेक दिवस वाया जाईल. दहाव्या घरातलं पोर वेळेवर तपासलं जाईल.

चतुर्थीच्या आधी तुमचे सराव सुरू होतात. या वर्षी सराव लागला की आधी वाडीत एक फेरी मारा, घरात बसवलेलं असं कोणी असेल तर त्याच्या आईला विचारा, आणि ठरलेल्या दिवशी सातला त्याला देवळात घेऊन या. त्याच्या हातात झांज द्या, मोबाईल बंद ठेवायला सांगा. आणि ओरोसचं काम सराव सुरू होण्याआधी झालेलं असू द्या.

आपला,
एका झांजकऱ्याचा मामा
मालवण